सिलिकोनच्या केक मोल्डमधून नेमकं बाहेर काय येतं?

सिलिकोनचे बेकिंग मोल्ड तापवले की त्यातली काही रसायनं ओव्हनच्या हवेत आणि केकमध्ये उतरतात, असं कॅनडातल्या संशोधकांना आढळलं. ही बातमी आली आणि घरी बेकिंग करणाऱ्यांच्या ग्रुपवर दोन प्रकारचे निरोप फिरायला लागले. पहिला म्हणतो, हे प्लास्टिकच, कॅन्सर होईल, आजच फेका. दुसरा म्हणतो, सिलिकोन वाळूपासून बनतं, शंभर टक्के नैसर्गिक आहे, त्यातून काहीही बाहेर येत नाही. दोन्ही चुकीचे. पण मला दुसऱ्याचा जास्त राग येतो, कारण तो विज्ञानाचा आव आणून माणसाला गाफील ठेवतो.

सुरुवात वाळूपासून होते हे खरं. वाळूतली सिलिका विजेच्या भट्टीत कार्बनबरोबर तापवली की सिलिकॉन हे मूलद्रव्य मिळतं. पुढे तांब्याच्या उत्प्रेरकाच्या साथीनं, सुमारे ३०० अंश सेल्सियसला, त्याची मिथाइल क्लोराइड वायूशी अभिक्रिया घडवतात. ही पद्धत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत यूजीन रोचो यांनी १९४० मध्ये शोधली आणि सिलिकोनचा कारखानदारी माल होणं शक्य झालं. इतक्या प्रक्रियांनंतर तयार होणारा पदार्थ निसर्गात कुठेही सापडत नाही. त्याला नैसर्गिक म्हणण्यात काही अर्थ नाही आणि तो नैसर्गिक नाही म्हणून वाईट आहे असंही नाही.

हा रेणू मला फार आवडतो. नेहमीच्या प्लास्टिकचा कणा कार्बनला कार्बन जोडून झालेला असतो. सिलिकोनच्या कण्यात सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन अशी आलटून पालटून रांग असते आणि प्रत्येक सिलिकॉनला बाहेरच्या बाजूनं दोन मिथाइल गट (एक कार्बन आणि त्याला जोडलेले तीन हायड्रोजन) चिकटलेले असतात. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मोलमागे साधारण ४५० किलोज्यूल ऊर्जा लागते, कार्बन-कार्बन बंधाला ३५० च्या आसपास. म्हणून २०० अंशांच्या ओव्हनमध्येही सिलिकोनचा हा कणा टिकून राहतो. ऑक्सिजनपाशी ही साखळी अगदी सहज वळते. त्यामुळे उणे १०० अंशांच्याही खाली गेल्यावरच ती काचेसारखी कडक होते. फ्रीजरमधून काढलेला मोल्डही वाकवता येतो तो यामुळे. आणि बाहेरच्या बाजूला सगळे मिथाइल गट असल्यानं पाण्याला किंवा केकच्या मिश्रणाला त्या पृष्ठभागाला धरून राहावंसं वाटत नाही. केक सुटून येतो.

मग बाहेर येतं ते काय? इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळी मेख इथे आहे.

ही लांब साखळी तयार करताना बहुतेक वेळा छोट्या वलयांपासून सुरुवात करतात. चार सिलिकॉन आणि चार ऑक्सिजन यांचं एक बंद वलय असतं, त्याला डी-४ म्हणतात. थोडासा अल्कली घातला की वलय उघडतं, त्याचं टोक पुढच्या वलयाला उघडतं आणि साखळी वाढत जाते. पण साखळीचं ते टोक क्रियाशील असतं आणि साखळी भलतीच लवचिक. ते टोक वळून स्वतःच्याच अंगावर हल्ला करू शकतं. मण्यांच्या लांब माळेचं टोक मागे वळून चौथ्या-पाचव्या मण्याला जोडलं जावं आणि तेवढा तुकडा गोल होऊन गळून पडावा, तसं होतं. चार मण्यांचं वलय सुटलं तर डी-४, पाचांचं डी-५, सहांचं डी-६. एकीकडे वलयं उघडून साखळी वाढते, दुसरीकडे साखळीतून वलयं सुटतात आणि दोन्ही वेग सारखे झाले की समतोल येतो. त्या समतोलाला वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के माल वलयांच्या रूपात उरतो. हा कुणाच्या हलगर्जीपणाचा परिणाम नाही. उष्मागतिकीच तसं ठरवते. कितीही चांगला कारखाना असला तरी वलयं होणारच.

चांगला कारखाना ती काढून टाकतो. अल्कली निष्प्रभ केला की नवी वलयं सुटायची थांबतात. मग निर्वातात तापवून आधीची उडवून लावतात. पुढे त्यात अतिसूक्ष्म सिलिका मिसळतात, नाहीतर हे रबर हातानं तुकडे पडतील इतकं दुबळं राहतं. मग पेरॉक्साइड किंवा प्लॅटिनमच्या साहाय्यानं साखळ्या एकमेकींना आडव्या जोडून मोल्ड घडवतात. शेवटची पायरी म्हणजे तयार मोल्ड सुमारे २०० अंशांना चारेक तास, ताजी हवा खेळती ठेवून तापवणं. याला पोस्ट-क्युअर म्हणतात. उरलीसुरली वलयं आणि पेरॉक्साइडचे अवशेष या वेळी निघून जातात. या पायरीला वेळही जातो आणि वीजही, त्यामुळे स्वस्त मालात काटछाट होते ती इथेच.

आता उकळबिंदू पाहा. डी-४ चा सुमारे १७५ अंश, डी-५ चा २१०, डी-६ चा २४५ च्या आसपास. आपण केक १८० ला ठेवतो. म्हणजे कारखान्यात न निघालेली वलयं आपल्या ओव्हनमध्ये निघतात. ती मिथाइल गटांनी वेढलेली असल्यानं पाण्यापेक्षा तुपा-लोण्यात चांगली विरघळतात. म्हणून बटर केकमध्ये ती जास्त उतरतात, साध्या पावात कमी. हे रबर रेणूंच्या पातळीवर इतकं मोकळं असतं की छोटे रेणू त्यातून सहज वाट काढतात. त्याच वाटेनं बाहेरचे रेणू आतही शिरतात. डब्याच्या झाकणातल्या सिलिकोनच्या रिंगला लसणाचा किंवा लोणच्याचा वास धरतो आणि कितीही घासला तरी जात नाही, कारण तो वास पृष्ठभागावर नसतोच, आत विरघळलेला असतो.

ही वलयं कितपत वाईट? उंदरांवरच्या प्रयोगांत भरपूर प्रमाणात डी-४ श्वासावाटे दिल्यावर प्रजननावर परिणाम दिसला, म्हणून युरोपात ते प्रजननक्षमतेला घातक असल्याचा संशय असलेल्या पदार्थांत मोडतं. २०१८ मध्ये डी-४, डी-५ आणि डी-६ ही तिन्ही युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत गेली. त्याचं मुख्य कारण ती निसर्गात लवकर नष्ट होत नाहीत आणि सजीवांत साठत जातात. केकच्या मोल्डमुळे माणसाला कर्करोग झाल्याचा पुरावा नाही. आणि ज्या लांब साखळीची लोकांना भीती वाटते, ती पोटातून शोषलीच जात नाही. गॅसेसवर घेतो त्या औषधाच्या बाटलीवर सिमेथिकोन असं लिहिलेलं असतं ना, ते याच साखळीचं तेल आणि सिलिका यांचं मिश्रण. आपण ते चमच्यानं पितो आणि ते तसंच बाहेर पडतं. वलयं लहान असतात, त्यांचा हिशेब वेगळा.

जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेची शिफारस अशी आहे की २०० अंशांना चार तास तापवल्यावर सिलिकोनचं वजन अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त घटू नये. ही कसोटी घरी ढोबळपणे करता येते आणि ती सर्वांनी करावी असं मला मनापासून वाटतं. बेकिंग करणाऱ्यांकडे ग्रॅमचा काटा असतोच. नवा मोल्ड साबणानं धुऊन, पूर्ण कोरडा करून वजन करा. समजा २०० ग्रॅम भरलं. त्यावर छापलेली कमाल मर्यादा २२०-२३० अंश असेल तर रिकामाच ओव्हनमध्ये २०० ला चार तास ठेवा, खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू आणि लहान मुलं स्वयंपाकघराबाहेर. गार झाल्यावर पुन्हा वजन करा. अर्धा टक्का म्हणजे एक ग्रॅम. काट्यात एवढा फरक इकडेतिकडे होऊ शकतो. पण तीन-चार ग्रॅम घटले असतील, तर त्या मोल्डचं पोस्ट-क्युअर धड झालेलं नाही. तो परत करावा. ज्याचं वजन टिकलं, त्यातली उडण्याजोगी वलयंही या तापवण्यात बरीचशी निघून गेलेली असतात. कॅनडाच्या अभ्यासातही वापर होत गेला तसं प्रमाण घटत गेल्याचं दिसलं.

याउलट मोल्डला चिमटा काढून पिळायचा, पांढरी रेष उमटली तर भेसळ, ही व्हिडिओंमधली परीक्षा सोडून द्या. रेष उमटणं हे रबरात मिसळलेल्या भरणद्रव्यावर (सिलिकासारख्या पुडीवर) आणि रंगावर अवलंबून असतं. आत वलयं किती उरली आहेत ते त्यातून कळायचा मार्गच नाही. मोल्डवरच्या ‘केमिकल फ्री’ या शिक्क्यालाही तेवढीच किंमत द्यावी.

केक कसा भाजतो, याबद्दलही एक गैरसमज आहे. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सिलिकोनच्या हजारपट आहे, मग केकला हजारपट वेळ का लागत नाही? कारण ओव्हनमध्ये खरा अडथळा भांड्याला लगटून असलेल्या हवेच्या थराचा असतो. दीड मिलिमीटर सिलिकोनचा अडथळा त्याच्या मानानं लहान, म्हणून फरक काही मिनिटांचाच पडतो. रंगात मात्र फरक दिसतो. धातूचं भांडं ट्रेकडून उष्णता ओढून कडांपर्यंत पसरवतं, सिलिकोनला ते जमत नाही. त्यामुळे केकच्या बाजू फिकट आणि मऊ राहतात. मफिन, चीजकेक यांना ते चालतं. नानकटाई आणि पावाला मात्र पत्र्याचाच ट्रे हवा.

मोल्ड नेहमी धातूच्या ट्रेवर ठेवा, म्हणजे उचलताना मिश्रण हिंदकळणार नाही. ओटीजीत मधल्या कप्प्यात ठेवा, कारण दांड्यांजवळचं तापमान डायलवरच्या आकड्याहून बरंच जास्त असतं. आणि चॉकलेट मोदकासाठी घेतलेल्या साच्यांबद्दल विचाराल, तर ते फ्रीजमध्येच राहतात. एवढ्या थंडीत वलयांची हालचाल फार मंदावते, त्यामुळे गणपतीत ते निर्धास्त वापरा.