देव पाण्यात ठेवल्यावर आपल्या शरीरात काय घडतं?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं नुकती आडवी झाली होती. हादरा सोलापुरातही जाणवला. स्वतःच्या जिवाची भीती उजाडेपर्यंत बरीच ओसरते. चिवट असते ती दुसरी भीती. उमरगा-औसा पट्ट्यात सोयरिकी असलेली घरं सोलापुरात पुष्कळ. लेक तिकडे दिलेली, भाऊ तिकडे शेती बघतोय, आणि मोबाइल अजून कुणाच्या खिशात आलेला नाही. अशा वेळी घरातली थोरली बाई काय करते? देव पाण्यात ठेवते.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. देव्हाऱ्यातले टाक, पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा असे सगळे उचलून एका पातेल्यात ठेवायचे आणि बुडतील एवढं पाणी ओतायचं. माणूस सुखरूप असल्याचं कळेपर्यंत त्यांना बाहेर काढायचं नाही. मला तर ही भक्ती कमी आणि देवाविरुद्धचा सत्याग्रह जास्त वाटतो. पण त्यामागचा भरवसा खराच असतो, की माझ्या माणसाला तू राखशील.

सोलापूरच्या हवेतच हा भरवसा आहे. तळ्यातले सिद्धरामेश्वर आहेत, रूपाभवानी आहे. अक्कलकोट सुमारे 40 किलोमीटरवर. स्वामींचं ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ हे वाक्य कितीतरी रिक्षांच्या पाठीवर वाचायला मिळतं. पूर्व भागातला पद्मशाली समाज नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतो. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेलं ते पोर. पिंडीला मिठी मारून बसलं आणि यमालाच माघारी जावं लागलं. आपल्या लेकरासाठी असा कुणीतरी आडवा यावा, असं कोणत्या आईला वाटत नाही?

देव राखतो की नाही, याकडे नंतर येऊ. आधी सोपा प्रश्न घेऊ, कारण तो मोजता येतो: असा भार देवावर टाकला की टाकणाऱ्याच्या शरीरात काय होतं?

भीतीची बातमी कानावर पडली की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग बोंब ठोकतो. ती हायपोथॅलॅमसपर्यंत पोचते आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आधी अॅड्रेनलिन, मग कॉर्टिसॉल सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास ‘लढा किंवा पळा’ म्हणून मांडली ती हीच यंत्रणा. साप दिसला तर ती कामाची. पण पोरगा अतिदक्षता विभागात असेल तर लढायचं कुणाशी आणि पळायचं कुठे? करण्यासारखं काही उरलेलं नसतं, तरी शरीर सज्जच राहतं. कांडी संपलेली असावी आणि धोटा तरीही खटखट ये-जा करत राहावा, तशी ही काळजी. माग चालू, कापड शून्य.

यात सगळ्यात जाच कशाचा होतो, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं. 45 जणांना संगणकावर दगड उलटायचा खेळ दिला. दगडाखाली साप निघाला तर हाताला विजेचा बारीक झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमीच होता. सर्वांत जास्त होता तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. म्हणजे वाईट बातमीपेक्षा ‘अजून काही कळलं नाही’ हे शरीराला जड जातं. सिव्हिलच्या आवारात चादर अंथरून बसलेल्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा, तो प्रयोग न करता हेच सांगेल.

देवावरचा भरवसा नेमका इथे काम करतो. बाहेरची अनिश्चितता तशीच राहते, पण ती एकट्याने पेलायची नसते. जेम्स कोन यांनी 2006 साली 16 विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून झटक्याची धास्ती घातली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ लक्षणीय कमी झाली. परक्याच्या हातानेही झाली, पण कमी. आता, देवाचा हात तर दिसत नाही. तरी 2009 साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला लावली, तेव्हा मेंदूचे जे भाग उजळले ते समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे ताडणारे. प्रार्थना करणाऱ्याचा मेंदू ‘कुणाशी तरी’ बोलत असतो. विठ्ठलाला अरेतुरे करून भांडणाऱ्या आपल्या अभंगांना हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही.

दुसरा भाग श्वासाचा आहे. 2001 साली लुचिआनो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला सांगितलं. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी तो बसल्या जागी बारा-पंधरा असतो. मिनिटाला सहा या लयीत रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया जास्त तत्पर होते, हेही त्यांनी मोजलं. दोन धर्म, दोन भाषा, आणि श्वास एकच. संथ ‘ओम नमः शिवाय’ म्हणताना असंच काही होत असणार, असा माझा अंदाज. टाळ्यांच्या कडकडाटात म्हटलेल्या आरतीला मात्र हा हिशेब लावू नये. तिची मजा वेगळी.

आता आपल्याच माणसांवरचा प्रयोग. मॉरिशसमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे. मार्टिन लांग, दिमित्रिस झिगालाटास आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 75 जणांना आधी घाबरवलं: वादळ-पुरासारख्या आपत्तीला तुम्ही कसं तोंड द्याल ते मांडा, तज्ज्ञ ते तपासतील. मग काहींना देवळात नेहमीची पूजा करायला पाठवलं, बाकीच्यांना नुसतं शांत बसवलं. 2020 साली छापून आलेला निष्कर्ष असा की, पूजा केलेल्यांना अस्वस्थता कमी वाटली आणि त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांमधली लवचीकताही जास्त होती. दोन ठोक्यांतलं अंतर किंचित कमी-जास्त होत राहणं हे शरीर निवांत असल्याचं लक्षण. धास्तावलेलं हृदय घड्याळासारखं एकसुरी पडतं. ओवाळणं, फुलं वाहणं, तेच शब्द त्याच क्रमाने म्हणणं यात पुढे काय होणार ते ठाऊक असतं. पुढचं काहीच ठाऊक नसलेल्या मेंदूला तेवढाच आधार.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो रिचर्ड सोसिस यांचा अभ्यास. 2006 च्या लेबनॉन युद्धात उत्तर इस्रायलवर रॉकेटं पडत होती. तिथल्या धार्मिक स्त्रिया स्तोत्रं म्हणत होत्या. ज्या गावातच अडकल्या होत्या त्यांच्यात स्तोत्रं म्हणणाऱ्यांची चिंता कमी आढळली. ज्या सुरक्षित ठिकाणी निघून गेल्या त्यांच्यात मात्र हा फरक दिसला नाही. त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे होते: पोरांची व्यवस्था, पैसे, परक्या घरातलं राहणं. हे प्रश्न हातपाय हलवून सुटणारे, आणि तिथे स्तोत्राचा उपयोग झाला नाही. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी शंभर वर्षांपूर्वी ट्रोब्रिअँड बेटांवर असंच पाहिलं होतं. खाडीच्या शांत पाण्यात मासेमारीला मंत्रतंत्र नाही, खुल्या समुद्रात जाताना मात्र साग्रसंगीत.

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न. आपण इथे प्रार्थना केली तर तिकडच्या माणसाला फरक पडतो का? फ्रान्सिस गाल्टन यांनी 1872 मध्ये खट्याळ युक्तिवाद केला: राजाच्या दीर्घायुष्यासाठी अख्खं राज्य दर रविवारी प्रार्थना करतं, तरी राजघराण्यातली माणसं इतर सुखवस्तूंपेक्षा जास्त जगत नाहीत. मोठी चाचणी अमेरिकेत झाली. हर्बर्ट बेन्सन यांच्या पुढाकाराने बायपास झालेल्या 1802 रुग्णांचे तीन गट केले आणि 2006 साली निकाल जाहीर झाला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नसलेल्यांपैकी, प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्क्यांना आणि न झालेल्या गटात 51 टक्क्यांना गुंतागुंत झाली. फरक शून्य म्हणावा असाच. गंमत तिसऱ्या गटाची. तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के निघालं! ‘माझी अवस्था इतकी बिकट आहे की काय,’ या धास्तीचा तो परिणाम असावा, अशी एक शंका घेतली गेली. प्रार्थना करणारे परके होते, हे खरं. आईचं मागणं वेगळं, असं कुणी म्हणेल. त्याला प्रयोगाने उत्तर देता येत नाही, कारण आईला ‘तू या गटात, मागू नकोस’ असं कोण सांगणार?

भरवशाची काळी बाजूही मोजली गेली आहे. केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी आजारी, वयस्क 596 रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. ‘देवाने मला टाकलं’, ‘त्याचं माझ्यावर प्रेमच नाही’ असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘तुमचंच काहीतरी देवाचं करायचं राहिलंय’ म्हणणारे पाहुणे मला धोकादायक वाटतात. त्यांना चहा देऊन लवकर वाटेला लावावं.

आणि दुसरा धोका शेतात आहे. उसाला पाणी धरताना घोणस चावली की काही ठिकाणी अजूनही गाडी आधी देवळाकडे वळते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर प्रतिविष मिळतं, आणि ते जितक्या लवकर टोचलं जाईल तितकं बरं. तिथे शांत होण्याची घाई नको. नारळ परत आल्यावर फोडता येतो, 108 ला फोन मात्र आधी. पार्गमेंट यांनीच श्रद्धेच्या तीन तऱ्हा सांगितल्या: सगळं मीच करणार, सगळं देवच करणार, आणि आम्ही दोघं मिळून करू. अनेक अभ्यासांत तिसरी तऱ्हा मनाला मानवते. 2020 साली वारकऱ्यांनी तिचा धडाच घालून दिला. पायी वारी थांबली, पादुका एसटीने पंढरपूरला आल्या, आणि माउलीचं नाव लोकांनी घरात बसून घेतलं.

या सगळ्यातून रुग्णालयांना एक बिनखर्चाची गोष्ट करता येईल. निम्मी-निम्मी शक्यता माणसाला जाळते हे कळल्यावर अतिदक्षता विभागाच्या दारावर एक वेळ लिहावी, ‘पेशंटची माहिती रोज संध्याकाळी 5 वाजता’, आणि सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी त्या वेळेला डॉक्टरांनी बाहेर येऊन तेवढंच सांगावं. उरलेल्या तेवीस तासांचं नातेवाईक आणि त्यांचे देव मिळून बघतील.