झुरिचचे अमली पदार्थ धोरण: एका उद्यानापासून पुढे

स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकामागे, लिमाट आणि जील या दोन नद्या जिथे मिळतात त्या टोकावर, प्लाट्झश्पिट्झ नावाचे उद्यान आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे दिवसाढवळ्या हेरॉइन विकले आणि टोचले जात असे, आणि ते घेणाऱ्यांची संख्या काही दिवशी हजारांच्या घरात जाई. अशी जागा असावी असे कोणी ठरवलेले नव्हते. पोलिसांनी हा जमाव शहरातल्या एकेका कोपऱ्यातून हुसकावला आणि अखेर तो जिथे कोणाच्या दाराशी नव्हता, तिथे त्याच्याकडे काणाडोळा केला. शहराच्या धोरणाची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. आधी अंगवळणी पडलेली सवय असते, कागद नंतर येतो.

त्याआधी १९८५ मध्ये झुरिच कॅन्टनच्या (म्हणजे स्विस प्रांताच्या) आरोग्य अधिकाऱ्याने व्यसनाधीन व्यक्तींना निर्जंतुक सिरिंज देण्यास डॉक्टरांना मनाई केली होती. सुई मिळाली नाही तर टोचणे थांबेल, असा त्यामागचा साधा तर्क होता. प्रत्यक्षात टोचणे थांबले नाही, एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली. सुई शिरेत गेली की नाही हे पाहण्यासाठी दट्ट्या किंचित मागे ओढून सिरिंजमध्ये थोडे रक्त घेतात. त्याचा राहिलेला थेंब पुढच्या माणसाच्या शरीरात जातो, आणि त्या थेंबात एचआयव्हीचा विषाणू कित्येक दिवस तग धरू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा एचआयव्ही संसर्गाचे प्रमाण पश्चिम युरोपातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. अनेक डॉक्टरांनी मनाई उघडपणे झुगारली, १९८६ मध्ये ती मागे घेतली गेली आणि १९८८ पासून खुद्द उद्यानातच सिरिंज, लसीकरण आणि प्रथमोपचार देणारे वैद्यकीय पथक काम करू लागले. विक्री बेकायदा, पण सुई मोफत, अशी ही विसंगती होती. माझ्या मते ती सोसण्याची तयारी हाच या धोरणाचा खरा आरंभ आहे.

फेब्रुवारी १९९२ मध्ये उद्यानाला टाळे लागले. पण जमाव जाणार कुठे, याचा विचार झालेला नव्हता, त्यामुळे तो जवळच्याच लेटेन या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर जमला आणि विक्रेत्यांमधली हिंसा वाढली. फेब्रुवारी १९९५ मध्ये लेटेन बंद करताना मात्र तयारी वेगळी होती: हेरॉइनऐवजी दिले जाणारे मेथाडोन हे औषध सहज मिळण्याची सोय झालेली होती, देखरेखीखाली टोचण्याच्या खोल्या होत्या, आणि बाहेरगावच्या व्यसनाधीनांना त्यांच्या गावी परत पाठवून तिथल्या प्रशासनावर त्यांची जबाबदारी टाकली जात होती. पोलीस दोन्ही वेळा होते. फरक पडला तो बाकीच्या सोयींमुळे. प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणे आणि कायद्याची अंमलबजावणी हे पुढे देशभर स्वीकारले गेलेले ‘चार खांब’ याच अनुभवातून उभे राहिले.

या सोयी हेरॉइनच्या बाबतीत चालल्या, याचे कारण त्या रसायनातच आहे. हेरॉइन शरीरात गेल्यावर त्याचे मॉर्फिन होते, ते मेंदूतल्या ओपिऑइड ग्राहींना (अफूसारखे पदार्थ ज्यांना चिकटतात त्या जागांना) चिकटते आणि काही तासांनी उतरू लागले की अंगदुखी, घाम, उलट्या सुरू होतात. मेथाडोन त्याच ग्राहींना चिकटते, पण एक मात्रा जवळपास दिवसभर पुरते. ज्यांना मेथाडोनही लागू पडत नाही, त्यांच्यासाठी १९९४ मध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली शुद्ध हेरॉइन देण्याचे प्रयोग सुरू झाले. रुग्ण दिवसातून दोन-तीनदा दवाखान्यात येई, परिचारिकेसमोर ठरलेली मात्रा स्वतः टोचून घेई आणि थोडा वेळ थांबून निघे. रस्त्यावरच्या पुडीत किती हेरॉइन आणि किती भेसळ आहे हे कळत नसल्याने ओव्हरडोस होतो. इथे ती अनिश्चितता उरत नाही, आणि पुडीसाठी चोरी करण्याची गरजही.

स्विस मतदारांनी हे सारे एका झटक्यात मान्य केले असे नाही. केवळ संपूर्ण व्यसनमुक्तीचा आग्रह धरणारा प्रस्ताव १९९७ मध्ये सुमारे ७० टक्क्यांनी फेटाळला गेला, तर अमली पदार्थ सरसकट कायदेशीर करण्याचा प्रस्ताव १९९८ मध्ये सुमारे ७४ टक्क्यांनी. हेरॉइनचा वैद्यकीय वापर १९९९ मध्ये जेमतेम ५४ टक्क्यांनी तरला. २००८ मध्ये चार खांबांच्या कायद्याला ६८ टक्के मिळाले.

धोरण यशस्वी झाले का, हे मोजणे वाटते तितके सोपे नाही. हेरॉइन घ्यायला सुरुवात करणारा माणूस कुठे नोंद करत नाही; तो उपचाराला येतो तोच कित्येक वर्षांनी. कार्लोस नॉर्ट आणि रुडोल्फ श्टोलर या संशोधकांनी उपचारांच्या नोंदींवरून, या विलंबाचा हिशेब धरून, मागे जात अंदाज बांधला: झुरिच कॅन्टनमध्ये १९९० मध्ये सुमारे ८५० जणांनी नव्याने सुरुवात केली होती, २००२ मध्ये सुमारे १५०. हेरॉइनचे व्यसन हा आजार मानला गेल्यावर त्यातले बंडखोरीचे आकर्षण ओसरले असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. तरीही एका पिढीचा ओढा आपोआप ओसरण्याचा वाटा यात किती, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

२०२३ मध्ये मात्र शहरातल्या बेकरआन्लागे या उद्यानात पुन्हा उघड्यावर सेवन दिसू लागले, आणि या वेळी पदार्थ क्रॅक होता. क्रॅक हे कोकेनचेच ओढण्याजोगे रूप. त्याची नशा काही मिनिटांत उतरते, त्यामुळे माणूस दिवसातून वीस-तीस वेळाही ओढू शकतो, झोपत नाही, जेवत नाही. कोकेनसाठी मेथाडोनसारखा सिद्ध झालेला पर्याय अजून नाही, आणि दवाखान्याच्या दोन-तीन फेऱ्यांचे वेळापत्रक या गतीला पुरत नाही. शहराने जुन्या लष्करी बराकींच्या आवारात तात्पुरते संपर्क केंद्र उघडले. तिथे निवारा आहे, ओढण्याची खोली आहे, अन्न आहे, क्रॅकच्या व्यसनावरचे औषध मात्र नाही.