महिला माजी सैनिकांचे आधारजाळे (खानदेश)

सैन्यसेवा करून घरी परतलेल्या स्त्रीला तशीच सेवा केलेल्या दुसऱ्या स्त्रीकडून मिळणारा आधार आणि अशा ओळखींतून विणली जाणारी साखळी. धीर देणे, कागदपत्रांची वाट दाखवणे, पुढच्या नोकरीचा सल्ला देणे आणि मुख्य म्हणजे ऐकून घेणे, हे सारे त्यात येते. देणारी आणि घेणारी एकाच पायरीवर असतात, हा या पद्धतीचा गाभा. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आपसांतील बैठकांमधून ती आकाराला आली आणि 1979 मध्ये तेथे ‘व्हेट सेंटर’ नावाची सरकारी केंद्रे सुरू झाली. त्याच युद्धात काम केलेल्या स्त्रियांचे, बहुतांशी परिचारिकांचे, स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभे राहायला मात्र 1993 साल उजाडले.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, अडचण या ओळख न मिळण्यापासूनच सुरू होते. ‘फौजी’ म्हटले की डोळ्यांसमोर पुरुष येतो. माजी सैनिकांच्या मेळाव्याला आलेली बाई कोणाची तरी पत्नी किंवा वीरमाता असणार, असे धरले जाते. पत्नींसाठी काम करणारी आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन 1966 पासून आहे. वीरनारींसाठी, म्हणजे हुतात्मा सैनिकांच्या पत्नींसाठी, शासनाच्या योजना आहेत आणि त्या हव्यातच. पण स्वतः गणवेश घालून आलेल्या स्त्रीचा प्रश्न निराळा आहे. तिला दुसऱ्या कोणाच्या सेवेचा दाखला द्यायचा नसतो.

अशा स्त्रिया कोण? सर्वांत जुनी परंपरा सैनिकी परिचर्या सेवेची. 1888 मध्ये दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तेव्हापासून तिचा इतिहास सांगितला जातो. 1992 मध्ये वैद्यकीय शाखांपलीकडे अधिकारी म्हणून भरती खुली झाली, पण अल्पमुदतीची : आधी पाच, पुढे दहा आणि वाढवून चौदा वर्षे. अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाला साधारण वीस वर्षे सेवा लागते. त्यामुळे पस्तिशी-चाळिशीतच अनेकींना निवृत्तिवेतनाविना बाहेर पडावे लागले. 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थायी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या सेवेचा, मार्ग मोकळा केला. जवान म्हणून स्त्रियांची पहिली तुकडी, लष्करी पोलीस दलातील 83 जणींची, मे 2021 मध्ये बंगळुरूहून प्रशिक्षण संपवून बाहेर पडली. केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन 1986 ची आहे. त्या दलातल्या स्त्रिया कायद्याने ‘माजी सैनिक’ ठरत नाहीत, पण गावाच्या लेखी त्याही मिलिटरीतच होत्या. आधारजाळे विणताना गावाचीच व्याख्या धरावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

गणवेशातली स्त्री खानदेशाला अपरिचित नाही. बोदवड तालुक्यातील नाडगावी जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील 1962 मध्ये जळगाव जिल्ह्याच्या महिला गृहरक्षक दलाच्या कमांडंट होत्या. राष्ट्रपती म्हणून 2007 ते 2012 या काळात त्या तिन्ही सेनादलांच्या सरसेनापती होत्या आणि नोव्हेंबर 2009 मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केले. एवढ्या उंचीवरचे उदाहरण डोळ्यांसमोर असूनही शेजारच्या गल्लीत परतलेली नर्सिंग अधिकारी किंवा हवालदार कोणाच्या लक्षात राहत नाही. काल तिला ‘मॅडम’ म्हणून सॅल्यूट मिळत होता. आज ती अमक्याची सून असते.

यात भाषेचा वाटा मोठा आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. सेवेतले आयुष्य हिंदीत व इंग्रजीत जगलेले असते. पोस्टिंग, फॉलइन, सिक रिपोर्ट, आउटपास या शब्दांशिवाय तिथला दिवस सांगताच येत नाही. घरची बोली अहिराणी, तावडी, भिल्ली किंवा पावरी. सासूला किंवा बहिणीला रात्रीच्या ड्यूटीची गोष्ट सांगायला बसले की निम्मे शब्द अडतात आणि ‘जाऊ दे’ म्हणून विषय सोडावा लागतो. दोन्ही भाषा जगलेली मैत्रीण समोर असली तर काहीच उलगडून सांगावे लागत नाही. म्हणून बॅचमेटचा फोन, अधिकाऱ्यांच्या बाबतीत कोर्समेटचा, हाच या जाळ्याचा पहिला धागा असतो, मग ती राजस्थानात असो की केरळात.

जवळची माणसे कमी आहेत असे मात्र नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके टांगले जातात, गौराईची गाणी होतात. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या उत्सवासाठी बाहेरगावी पांगलेली भाऊबंदकी एका छताखाली जमते. सुट्टीवर आलेली सेवेतली मुलगी आणि निवृत्त होऊन आलेली बाई यांची गाठ पडायला याहून चांगली वेळ नाही. दरमहाची बैठक, वही आणि पाळीपाळीने जबाबदारी ही बचत गटाची रीतही गावोगावी अंगवळणी पडलेली आहे. पण हीच भाऊबंदकी मन मोकळे करायला अडसर होते. वाड्यात बोललेले संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचते. झोप न लागणे, अपघाताची दृश्ये पुन्हा दिसणे, वरिष्ठाकडून झालेला त्रास, मोडलेले लग्न, या गोष्टी नात्याबाहेरच्या माणसाकडेच बोलता येतात. ऐकलेले तिथेच ठेवणे हा या आधाराचा पहिला नियम आहे. दुसरा नियम आपली मर्यादा ओळखण्याचा : दुखणे हाताबाहेरचे वाटले की डॉक्टरकडे नेणे. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मिळते, आणि सेनादलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

रोजची मदत बहुधा कागदांची असते. धुळे व जळगाव येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत नोंदणी, ओळखपत्र, ‘स्पर्श’ या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवर दरवर्षीचा हयातीचा दाखला, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड (अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांना ते 2019 पासून खुले झाले), मुलांची शिष्यवृत्ती, नावातला माहेर-सासरचा फरक. हा शेवटचा मुद्दा पुरुषांच्या वाट्याला येतच नाही आणि म्हणून त्यांच्या संघटनेत तो कोणाला सुचतही नाही. राज्याच्या नोकरभरतीत माजी सैनिकांना समांतर आरक्षण आहे, महिलांनाही आहे. अर्ज भरताना कोणता रकाना लाभाचा, हे आधी त्यातून गेलेली बाईच नेमके सांगते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडच्या स्त्रीचा सातपुड्याचा घाट उतरून कार्यालयात जाण्यातच दिवस मोडतो. फेरी फुकट जाऊ नये म्हणून कागद आदल्या दिवशी मोबाइलवर तपासून देणारी एखादी ताई तिला मोठा आधार वाटते.

अग्निपथ योजनेमुळे या जाळ्यावरचा भार वाढणार आहे. मार्च 2023 मध्ये ओडिशातील चिल्का येथून नौदलाची पहिली अग्निवीर तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडली, तिच्यात 270 हून अधिक मुली होत्या. मुदत चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त चतुर्थांश जणांना पुढे कायम सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना सेवानिधीची रक्कम मिळते. निवृत्तिवेतन, ईसीएचएस, कॅन्टीन आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. पंचविशीच्या आतबाहेरच्या या मुली घरी येतील तेव्हा त्यांच्यापुढे लग्नाचा विषय निघालेला असेल आणि कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत त्यांचे नाव नसेल.