पलटी नांगर आणि पेरणी यंत्रासाठी अनुदान: सातारा-सांगलीत अर्ज करण्याआधी हे बघा

ट्रॅक्टर घेताना आपण चार शोरूम फिरतो, शेजाऱ्याचा चालवून बघतो. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं अवजार मात्र महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन अनुदान पोर्टलच्या, यादीत जे आधी दिसेल त्यावर बोट ठेवून निवडलं जातं. पुढच्या बऱ्याच कटकटी इथूनच सुरू होतात. सत्तावीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर असलेला तासगावचा द्राक्षबागायतदार मोठ्या नांगराचा गट निवडतो. पेरणी यंत्र हवं असलेला खटावचा शेतकरी पूर्वमशागतीच्या गटात शोधत बसतो आणि शेवटी कल्टिव्हेटरवर समाधान मानतो. म्हणून पात्रता आणि कागदपत्रं सांगताना यंत्राची निवडही इथे जरा सविस्तर सांगतो आहे.

कुणाला, किती

अर्ज होतो तो महाडीबीटी शेतकरी योजना पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरण या घटकाखाली. अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी, महिला शेतकरी आणि अल्प-अत्यल्प भूधारक यांना किमतीच्या 50 टक्के, इतरांना 40 टक्के अनुदान मिळतं. अत्यल्प म्हणजे एक हेक्टरपर्यंत आणि अल्प म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन. वाळव्यात तीस गुंठे बागायत आणि जतला दोन एकर जिरायत असेल, तर दोन्ही गावांचे आठ-अ (गावातली तुमची सगळी जमीन दाखवणारे खाते उतारे) लागतात आणि क्षेत्र एकत्रच धरलं जातं.

टक्केवारीला वरून मर्यादाही आहे. प्रत्येक अवजाराला, त्याच्या आकारानुसार, अनुदानाची कमाल रक्कम ठरलेली असते आणि टक्केवारीने येणारी रक्कम व ही कमाल रक्कम यांत जी कमी असेल ती मिळते. फक्त समजण्यासाठी आकडे घेऊ: यंत्र एक लाखाचं, तुम्ही 50 टक्क्यांत बसता, पण त्या आकाराची मर्यादा चाळीस हजार असेल, तर हातात चाळीस हजारच येतील. महागडं मॉडेल घेतलं म्हणून अनुदान वाढत नाही, वरचा भार आपल्याच खिशावर पडतो. मर्यादेचे आकडे बदलत असतात, तेव्हा चालू वर्षाची यादी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात बघूनच हिशेब मांडा.

एका अवजाराचा लाभ घेतला की त्याच अवजारासाठी पुढची 10 वर्षं अर्ज करता येत नाही. दुसऱ्या अवजारासाठी करता येतो. म्हणजे आज चुकीच्या मापाचं पेरणी यंत्र आलं, तर दहा वर्षं त्याच्यावरच भागवावं लागेल.

ट्रॅक्टर तुमच्याच नावावर हवा असंही नाही. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर असला तरी ट्रॅक्टरचलित अवजाराला अर्ज करता येतो, पुरावा म्हणून आरसी बुक जोडावं लागतं. पासिंग सांगलीचं एमएच-10 असो, साताऱ्याचं एमएच-11 की कराडचं एमएच-50, आरसीवरचं नाव आणि तुमचं नातं कागदावर दिसलं पाहिजे. त्यासाठी रेशनकार्ड हाताशी ठेवा.

फार्मर आयडीपासून सुरुवात

15 एप्रिल 2025 पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे आपण ज्याला फार्मर आयडी म्हणतो तो, बंधनकारक झाला आहे. नसेल तर सीएससी, म्हणजे गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रावर आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा घेऊन जा. असेल तरी एकदा उघडून बघा. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, सातबारा तुमच्या नावावर आला, पण ती जमीन ओळख क्रमांकाला जोडलीच गेली नाही, असं होतं. अर्जात तुमचं क्षेत्र दिसत नसेल तर आधी हेच तपासा.

पूर्वी संगणकीय सोडत निघायची. 2025-26 पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, अशी पद्धत आली आहे. त्यामुळे पेरणी तोंडावर आल्यावर केलेल्या अर्जाचा त्या हंगामाला उपयोग नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकते. त्या पेरणीला यंत्र दारात हवं असेल तर अर्ज कितीतरी महिने आधी गेलेला असायला हवा.

अर्जात ‘कृषी यंत्र/अवजारांच्या खरेदीसाठी अर्थसहाय्य’ निवडा, मग ट्रॅक्टरचलित अवजारे, मग तुमच्या ट्रॅक्टरचा एचपी गट. नांगर हवा असेल तर पूर्वमशागतीचा गट, पेरणी यंत्र किंवा टोकण यंत्र हवं असेल तर पेरणी व लागवडीचा गट. शेवटी यंत्राचा प्रकार. बाब, म्हणजे निवडलेलं यंत्र, जतन करून अर्ज सादर केला की 23 रुपये 60 पैसे शुल्क ऑनलाइन भरायचं. पावती निघाल्याशिवाय अर्ज गेला असं समजू नका. बाब जतन झाली पण अर्ज सादरच केला नाही, असा अर्ज रांगेत येतच नाही.

कोणतं यंत्र, हे आधी शेतात ठरवा

हायड्रॉलिक पलटी नांगराला ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिकची (तेलाच्या दाबाची) जोडणी लागते. दोन फाळांच्या हायड्रॉलिक पलटी नांगराला साधारण चाळीस ते पन्नास एचपीचा ट्रॅक्टर हवा. कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात तर त्याच्या खालचा ट्रॅक्टर मान टाकतो. नांगराची खोली हायड्रॉलिकच्या लिव्हरने आणि टॉप लिंक कमी-जास्त करून जुळवायची असते. काही मॉडेलमध्ये तासाची, म्हणजे नांगराने पडणाऱ्या सरीची, रुंदीही बदलता येते, आणि उसाचा खोडवा मोडायला आणि उन्हाळी नांगरटीला एकच नांगर वापरणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. ज्याचं रान हलकं, मुरमाड, त्याने त्या सोयीसाठी जादा पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

पेरणी यंत्रात मात्र फणांमधलं अंतर बदलता येणं हीच मुख्य गोष्ट आहे. आपल्याकडे एकाच रानात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला ज्वारी किंवा हरभरा होतो. सोयाबीन आणि रब्बी ज्वारी 45 सेंटिमीटरवर, म्हणजे दीड फुटावर. हरभरा बऱ्याच ठिकाणी एक फुटावर. जुन्या कुरीला किंवा पाभरीला, म्हणजे पेरणीच्या लाकडी अवजाराला, हे अंतर सुतार बांधून द्यायचा, आणि ते बदलायचं तर नवी कुरी. आताच्या यंत्रात फण चौकटीवर क्लॅम्पने बसवलेले असतात, बोल्ट सैल करून सरकवता येतात. कोटेशन मागताना तीन गोष्टी विचारा: फण किती, दोन फणांतलं अंतर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, आणि बियाणं मोजून सोडणाऱ्या चकत्या किंवा रोलर कोणकोणत्या पिकाचे सोबत येतात. ज्वारीच्या चकत्या वेगळ्या विकत घ्यायला लावणारे विक्रेते आहेत. त्या चकत्या कोटेशनमध्येच लिहून घ्या. शिराळ्यात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भात पेरणाऱ्यांनी तर भातासाठी फणांचं अंतर कुठवर कमी होतं हे आधी बघावं.

खत आणि बी एकत्र टाकणारं यंत्र घेत असाल, तर खताची नळी बियाण्याच्या नळीपेक्षा बाजूला आणि खाली उतरते का ते बघा. दोन्ही एकाच तासात एकावर एक पडत असतील तर खताने कोंब करपतो.

पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी नको

निवड झाल्याचा मेसेज मोबाइलवर येतो. मग ठरलेल्या मुदतीत कागद पोर्टलवर चढवायचे: आधार, सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, आरसी बुक, जातीच्या प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, स्वयंघोषणापत्र, आणि यंत्राचं कोटेशन व तपासणी अहवाल. मुदत मेसेजमध्ये आणि पोर्टलवर लिहिलेली असते. ती टळली तर निवड रद्द होऊ शकते, म्हणून नंबर बदललेला असेल तर आधी पोर्टलवर बदलून घ्या.

यातला तपासणी अहवाल, म्हणजे टेस्ट रिपोर्ट, सगळ्यांत दुर्लक्षित. अनुदान मिळतं ते केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेल्या मॉडेललाच. मध्य प्रदेशातली बुदनीची संस्था सर्वांना माहीत आहे, आपल्या राज्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही अवजारांची तपासणी होते. अहवालाची प्रत विक्रेत्याने द्यायची असते, शेतकऱ्याने ती शोधत फिरायची नसते. ती हातात आली की कोटेशन शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून बघा. कंपनीचं नाव, मॉडेल, फणांची किंवा फाळांची संख्या. अहवाल सात फणांच्या मॉडेलचा आणि कोटेशन नऊ फणांचं, एवढ्यावरून अर्ज परत येतो आणि विक्रेता ‘बदलून देतो’ म्हणत आठवडा घालवतो. कोटेशन, अहवाल, नंतरचं बिल आणि यंत्रावरची नाव-क्रमांकाची प्लेट या चारही ठिकाणी एकच मॉडेल असलं पाहिजे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. 1910 साली कुंडलजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेला. आजही पलूस, विटा, कराड, कोरेगावच्या बाजूला उत्तम हाताचे कारागीर आहेत. कल्टिव्हेटरवर बियाण्याची पेटी बसवून, आपल्या मातीला बसेल असं अंतर जुळवून, ते कमी पैशात छान यंत्र करून देतात. त्या यंत्रात काही खोट नसते. पण त्याला तपासणी अहवाल नसतो, त्यामुळे अनुदानही नाही. वर्कशॉपवाला ‘दुसऱ्याचा रिपोर्ट लावून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. प्लेटवरचा क्रमांक तपासणीला बघतातच. ज्याला अनुदानाची वाट बघायची नाही आणि ज्याचा कारागीर विश्वासाचा आहे, त्याने सरळ त्याच्याकडून घ्यावं. तो निर्णयही शहाणपणाचाच आहे.

कोटेशन जुनं असेल तर बदलून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून मशागतीच्या आणि पेरणीच्या अवजारांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. जुन्या दराचा कागद कुणी अजून पुढे करत असेल तर फरक विचारा.

कागद पटले की पूर्वसंमती पत्र मिळतं. त्या पत्राच्या तारखेनंतरचंच बिल चालतं. ‘पूर्वसंमती येईलच, आज उचला, ऑफर संपते आहे’ असं दुकानात ऐकायला मिळेल, पण आधीच्या तारखेच्या बिलाला अनुदान नाही. पत्रात खरेदीची मुदतही असते, ती सांभाळा. पैसे रोख देऊ नका. तुमच्या खात्यातून आरटीजीएस, चेक किंवा ऑनलाइन द्या आणि त्याचा पुरावा ठेवा. भावाच्या किंवा मित्राच्या खात्यातून पैसे गेले की स्पष्टीकरणं देत बसावं लागतं.

यंत्र दारात आल्यावर

पावतीवर सही करण्याआधी टेप लावा. दोन फणांच्या टोकांमधलं अंतर मोजा, चौकटीवरचं नाही, कारण फण वाकडा असेल तर वर बरोबर आणि खाली चूक निघतं. मग बियाणं किती पडतं ते बघा. ट्रॅक्टरने यंत्र थोडं उचला, पेटीत बी घाला, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि यंत्राचं चाक हाताने वीस वेळा फिरवा. चाकाचा व्यास 40 सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्याला सव्वा मीटरच्या आसपास अंतर जातं, वीस फेऱ्यांना पंचवीस मीटर. पाच फण दीड फुटांवर असतील तर कामाची रुंदी सव्वादोन मीटर. म्हणजे साधारण साडेछप्पन्न चौरस मीटर पेरणी झाली. सोयाबीन हेक्टरी 75 किलो पाडायचं तर सगळ्या पिशव्या मिळून सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास बी निघालं पाहिजे. शिवाय पाचही पिशव्यांत जवळजवळ सारखं. एका नळीला निम्मंच येत असेल तर ते यंत्र तसंच ठेवून घेऊ नका, बदलून किंवा दुरुस्त करूनच घ्या. पिकाचं, चाकाचं माप बदललं की आकडे बदलतील, रीत हीच. हाताने नीट जमत नसेल तर बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

त्यानंतर बिल आणि यंत्राचा फोटो पोर्टलवर चढवायचा. कृषी विभागाचे कर्मचारी मोका तपासणीला, म्हणजे जागेवर यंत्र बघायला, येतात. यंत्र, त्याची प्लेट, सोबत तुम्ही, असा जागेच्या नोंदीसह फोटो काढतात. त्या दिवशी यंत्र शेजारच्या गावात भाड्याने गेलेलं नको. प्लेटवर रंग किंवा माती बसली असेल तर आधी पुसून ठेवा.

अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात येतं. तुमची जिल्हा बँक, सोसायटी, राष्ट्रीयीकृत बँक अशी दोन-तीन खाती असतील तर पैसे कोणत्या खात्यात जाणार हे पासबुकावरून ठरत नाही, आधार शेवटी जिथे लिंक झालं तिथे जातात. बँकेत जाऊन एकदा खात्री करा. पोर्टलवर ‘मी अर्ज केलेल्या बाबी’ मध्ये अर्ज कुठवर आला ते दिसतं. तिथे बराच काळ हललं नाही तर आधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक), मग तालुका कृषी अधिकाऱ्यांना अर्ज क्रमांकासह लेखी विचारा आणि त्याची पोच घ्या.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांनी मागे राहू नये. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगर उतारावरच्या छोट्या वावरात आजही बैलच चालतात. यादीत बैलचलित आणि मनुष्यचलित अवजारांचा गट वेगळा आहे, त्याला आरसी बुक लागत नाही, आणि हाताने चालवायचं टोकण यंत्रही त्यातच बघायचं. पंचायत समितीच्या कृषी विभागातही एक फेरी मारा. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून अवजारांची योजना त्या वर्षी असेल, तर तिचा अर्ज महाडीबीटीवर नाही, तिथेच मिळतो.