कटकट्या रेडिओची कुईं

जुन्या रेडिओला एक खोड होती. स्टेशन लावायला हात पुढे केला की तो ‘कुईंऽऽ’ करून किंचाळायचा, हात मागे घेतला की सूर खाली यायचा. पहिल्या महायुद्धात बिनतारी यंत्रांपाशी बसलेल्यांनी अशा शिट्ट्या पुष्कळ ऐकल्या. त्यातल्या दोघांना मात्र त्या गोड लागल्या. एक रशियातला लेव तेर्मेन, दुसरा फ्रान्सचा मोरिस मार्तनो. गंमत म्हणजे दोघेही चेलो वाजवणारे.

तेर्मेन १९२० मध्ये पेट्रोग्राडच्या प्रयोगशाळेत वायूंचे विद्युतगुणधर्म मोजत होता. मोजता मोजता त्या मोजयंत्राचंच वाद्य झालं, पुढे ‘थेरमिन’ म्हणून ओळखलं गेलेलं. पेटीत दोन विद्युतमंडलं. समजा एक सेकंदाला १,७०,००० वेळा कंप पावतंय आणि दुसरं १,६९,५६० वेळा. माणसाच्या कानाची धाव वीस हजारांपर्यंत, त्यामुळे दोन्ही मुकीच. पण ती एकत्र केली की त्यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे ४४० कंपनांचा सूर ऐकू येतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जरा उतरल्या-चढल्या की ‘वांव वांव’ अशी लहर उठते ना, तिचंच हे भावंड.

आता हात. दुसऱ्या मंडलाला जोडलेली पेटीवरची उभी दांडी आणि आपला तळवा मिळून एक धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी, बनते. तळवा जवळ आला की तिची साठवणक्षमता, म्हणजे धारिता, वाढते. किती? धारिता मोजायच्या एककाच्या, फॅरडच्या, दशलक्षांशाचा दशलक्षांश, तोही जेमतेम! तेवढ्यानेही दुसऱ्या मंडलाची कंपनं थोडी घटतात, फरक वाढतो आणि सूर चढतो. डावा हात बाजूच्या कडीवर. तो खाली नेला की आवाज दबतो.

१९२७ मध्ये तेर्मेन हे घेऊन फ्रँकफर्ट, बर्लिन, लंडन, पॅरिस असा फिरला. माणूस हवेत हात हलवतोय आणि पेटी गातेय, हे बघायला लोक जमणारच. वाजवणाऱ्याचे हाल मात्र कुणाला दिसत नव्हते. पट्टी नाही, पडदा नाही, बोटाला टेकू नाही. सारंगी अवघड म्हणतात, पण तिला निदान तार तरी असते! इथे श्वासाबरोबर खांदा हलला तरी सूर ढळतो. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. मींड फुकट, सुटा स्वर महाग.

मार्तनोने ही अडचण नेमकी ओळखली. १९२८ मध्ये पॅरिसला त्याने आपलं वाद्य सादर केलं. तत्त्व तेच, पण सूर चढवा-उतरवायला हातात दोरी. पुढे त्या दोरीला बोटात घालायची अंगठी आली आणि मागे पियानोसारख्या पट्ट्या, म्हणजे कुठला सूर कुठे ते डोळ्यांना दिसू लागलं. त्या पट्ट्या आडव्या किंचित हलायच्या, त्यामुळे बोट थरथरवलं की सूरही थरथरे. चेलोवाल्याची सवय, दुसरं काय!

१९३७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सेन नदीच्या काठी रात्री कारंजी, रंगीत दिवे आणि आतषबाजीचे खेळ होत. त्यातल्या एकासाठी संगीतकार ओलिव्हिए मेसियाँने मार्तनोच्या सहा वाद्यांची रचना केली, आणि रेडिओची ती कुईं ध्वनिक्षेपकांतून नदीवर पसरली.