मुंबईचे मैलाचे दगड

मुंबईतील जुन्या रस्त्यांवर अंतर दाखवण्यासाठी ब्रिटिश काळात रोवलेले काळ्या बसाल्टचे कोरीव दगड. त्यांचा काळ साधारणपणे १८१६ ते १८३७ मानला जातो. अंतर मोजायला सुरुवात फोर्टातील सेंट थॉमस चर्चपासून (१७१८) होई आणि आकडे रोमन असत. मजकुरात 'कॅथीड्रल' (म्हणजे बिशपचे मुख्य चर्च) नसून 'चर्च' असते, कारण मुंबईचा स्वतंत्र बिशपप्रांत १८३७ साली झाला आणि ही वास्तू कॅथीड्रल ठरली ती त्यानंतर. दगडाचा काळ ताडताना हा एक शब्द उपयोगी पडतो.

काळबादेवीचा दगड पहिल्या मैलाचा, तर दादरला चित्रा सिनेमाजवळचा सहाव्या मैलाचा. मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. आजच्या नकाशावर अंतर पडताळायचे तर सरळ रेषेत मोजून चालत नाही, जुन्या रस्त्याची वळणे धरावी लागतात.

हे दगड चोरीला जाण्यापेक्षा गाडलेच जास्त गेले. जुना थर न खरवडता त्यावर डांबराचा नवा थर टाकला की रस्ता दर वेळी काही इंच चढतो, पाठोपाठ पदपथही चढतो. शेवटी जमिनीवर उरतो वीतभर माथा. त्यावर कुणी शेंदूर फासतो, कुणी टपरीची फळी टेकवतो. पालिकेकडून रंग मिळतो तोही ऑइलपेंट. तो उथळ अक्षरांत साचतो आणि चारपाच हातांनंतर VI आणि VII यांतला फरक कळेनासा होतो.

मुंबईत हे दगड वारसा यादीत श्रेणी १ मध्ये येतात. मूळ रूपात बदल करायला त्या श्रेणीत जवळपास वाव नसतो, आणि कामाआधी वारसा समितीकडे जावे लागते.

उकरण्याआधी चारही बाजूंचे फोटो, अक्षांश-रेखांश आणि कोरीव बाजूचे तोंड कुठल्या दिशेला आहे, याची नोंद हवी. खोदाई हातानेच करावी. जेसीबीचा दात कोपरा उडवतो, आणि पदपथाखाली वीज व टेलिफोनच्या केबल असतातच. अक्षरांच्या खाली बुडाचा भाग ओबडधोबड घडवलेला असतो. त्याला तुटका समजून कापू नये, दगड त्याच्याच आधाराने उभा राहतो. उचलताना साखळीऐवजी कापडी पट्टा वापरावा. रंग काढायला तो सैल करणारा लेप लावून नायलॉनचा ब्रश पुरतो. सँडब्लास्टिंग किंवा ग्राइंडर लावल्यास टाकीचे मूळ घाव पुसले जातात. बैठकीला सिमेंट नको, चुन्याचा गारा घ्यावा. पुढे दगड काढायची वेळ आली तर चुना सुटतो, सिमेंट मात्र दगडाचा कपचा घेऊनच निघते.

दगड उचलून संग्रहालयात किंवा बागेत नेण्याची सूचना अधूनमधून होते. ती मुळातच चुकीची आहे: जागेवरून हलला की त्यावरचा आकडा खोटा ठरतो. पदपथ रुंद करताना हलवणे टळतच नसेल, तर त्याच रस्त्याच्या त्याच बाजूला, मूळ जागेसमोर, रस्त्याशी काटकोनात मागे सरकवावा, रस्त्याच्या लांबीत पुढे-मागे नाही.