कपाशी माजते ती फक्त युरियाने नाही

कपाशी माजली, म्हणजे बोंडं न धरता नुसतीच उंच वाढली, की आपल्याकडे पहिला ठपका युरियावर बसतो, दुसरा पावसावर. दोन्ही कारणं खरी आहेत, नत्र आणि पाणी वाढ रेटतातच. पण तापीकाठच्या एखाद्या दाट लागवडीच्या प्लॉटमध्ये श्रावणात आत शिरून बघा. मधल्या झाडाच्या खोडावरून बोट वर नेत जा. पेरं लांब, खालच्या फांद्या लंगड्या, पात्या (फुलकळ्या) गळालेल्या, शेंडा मात्र सुसाट. बांधालगतचं झाड आखूड पेरांचं, खालपासून फळफांद्या धरलेलं. खत दोघांना एकच दिलेलं. दोघांपर्यंत पोचणारा प्रकाश मात्र वेगवेगळ्या रंगाचा असतो.

पान लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा परतवतं, हे शाळेत शिकलो. त्यावरून हिरवा प्रकाश झाडाच्या कामाचा नाही असा समज पसरला, तो चुकीचा आहे. हिरव्याचाही मोठा भाग पान शोषतंच आणि तो पानात खोलवर पोचतो. भर उजेडात वरून थोडा लाल प्रकाश वाढवण्यापेक्षा हिरवा वाढवला तर प्रकाशसंश्लेषण जास्त वाढतं, हे जपानच्या इचिरो तेराशिमा यांच्या गटाने २००९ साली सूर्यफुलाच्या पानांवर दाखवलं.

पान जवळजवळ सोडूनच देतं तो रंग वेगळा: लालच्या पलीकडचा, ७०० ते ७५० नॅनोमीटरचा फार-रेड. आपल्या डोळ्याला तो जेमतेम दिसतो, झाडाला स्पष्ट कळतो. उघड्या उन्हात लाल आणि फार-रेड जवळपास सारखे असतात. दाट पानोळ्याखाली लाल वरच शोषला जातो, फार-रेड खाली झिरपतो, आणि त्यांचं गुणोत्तर एकाच्या आसपासवरून ०.१ ते ०.२ पर्यंत घसरू शकतं.

हे गुणोत्तर मोजणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. ते खटक्यासारखं चालतं. ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पडला की चालू, ७३० चा फार-रेड पडला की बंद. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर लाल आणि फार-रेडचे झोत आलटून पालटून टाकले. शेवटचा झोत लाल असेल तर बी उगवे, फार-रेड असेल तर बहुतेक बिया निजूनच राहत. आधी कितीही झोत टाकले तरी निकाल शेवटचाच देई. केवढा नितळ प्रयोग! रंगद्रव्य प्रत्यक्ष हाती लागलं ते १९५९ साली.

चालू फायटोक्रोम पेशीकेंद्रात जाऊन पिफ नावाची प्रथिनं मोडायला लावतं. ही प्रथिनं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक तयार करणारी जनुकं जागी करतात. फार-रेड वाढला की फायटोक्रोम बंद पडतं, पिफ शिल्लक राहतात, ऑक्सिन वाढतं, खोडाच्या पेशी लांबतात, बगलेतले फुटवे दबतात. आणि यासाठी सावली पडायचीही गरज नसते. शेजारच्या झाडाच्या पानांवरून आडवा परतणारा फार-रेड पुरेसा होतो. सावली येण्याआधीच झाड पळत सुटतं. पुढे खरंच सावली झाली की खालच्या पात्या-बोंडांना अन्न कमी पडतं आणि गळ सुरू होते.

इथे अन्न आणि इशारा यांतला फरक धरून ठेवायला हवा. अन्न बनवायला भरपूर प्रकाश लागतो, इशाऱ्याला अगदी थोडा पुरतो. म्हणूनच शेवंतीच्या प्लॉटमध्ये रात्री दिवे लावून फुलोरा पुढे ढकलता येतो. पण त्याच दिव्यांनी भर दुपारी उघड्या शेतात उत्पन्न वाढेल असं कुणी सांगितलं तर ती निव्वळ विक्री समजावी. लाल बाटलीत उन्हात ठेवलेलं पाणी फवारल्याने फुलं वाढतात असं सांगणारेही भेटतात. प्रकाश पाण्यात साठून राहत नाही. बाटली सावलीत आणली की त्यात उरतं ते फक्त कोमट पाणी.

सघन लागवडीत मेपिक्वाट क्लोराईड हे वाढ रोखणारं रसायन फवारतात, ते जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाची निर्मिती कमी करून पेरं आखूड ठेवतं. शेजाऱ्याकडून येणारा फार-रेड तसाच राहतो. म्हणून दाट पेरायचं असेल तर आटोपशीर, कमी पसरणारा वाण आधी निवडावा आणि ओळींमध्ये उजेड खालपर्यंत उतरेल एवढं अंतर ठेवावं. फवारणीचा विचार त्यानंतर.